वीणा तुमच्या हाती आली

या, असे जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, आणि मागच्या खांबाला टेकून बसणाऱ्याला गोष्टीतलं अर्धंच मिळतं, हा माझा कीर्तनातला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. एक गोष्ट सांगतो. फजिती माझीच आहे, त्यामुळे वरून तिखटमीठ लावायची गरज नाही. तिखट तर तिच्यात पहिल्या घासापासून होतं. गुरुवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी मी रामदासपेठेत, आमच्या ऑफिसखालच्या ठेल्यावर, तर्री-पोहे खात उभा होतो. डाव्या हातात प्लेट, उजव्या हातात चमचा, कपाळावर घाम, आणि नाकातून जे यायला पाहिजे ते येत होतं. तेवढ्यात खिशात टिंग झालं. मी करंगळीनं मोबाईल वर ओढला. पडद्यावर लिहिलं होतं, ‘वीणा तुमच्या हाती आली. रामकृष्णहरी.’ मी हाताकडे पाहिलं. हातात तर्री होती.

खरं सांगतो, एक क्षण मला ते पटलं. म्हणजे प्लेट जड वाटली. खांद्यावर पट्टा रुतावा तसं काहीतरी रुतलं, आणि मी चमचा खाली ठेवायला गेलो आणि थबकलो, की खाली ठेवायची नसते. आमच्या नंदनवनच्या मंदिरात दरवर्षी सप्ताह असतो, सात दिवस आणि सात रात्री, आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. एकानं गळ्यात घ्यायची, दोन तास उभं राहून नाम घ्यायचं, मग दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. त्यात वयाचा हिशेब नाही. माझ्या पाया सत्तर वर्षांचे लोक पडलेले आहेत, आणि दर वेळी मला पळून जावंसं वाटलेलं आहे. एक्केचाळीस वर्षं वीणा अशी हातातून हातात जात आलेली आहे. सात दिवसांच्या चौऱ्याऐंशी पाळ्या. माझी रविवारी रात्री बाराची. आज गुरुवार. आणि हा निरोप पाठवणारं यंत्र मीच लिहिलेलं, त्यातलं ‘रामकृष्णहरी’सुद्धा मीच, दोन्हीकडून पूर्णविराम देऊन. त्यामुळे रागवायला समोर कोणी नव्हतं. ठेलेवाला म्हणाला, “भाऊ, तर्री अजून देऊ का?” मी म्हणालो, “वीणा कोणाकडे आहे?” तो भला माणूस. त्यानं आणखी तर्री दिली.

माझं काम काय, हे एकदा आईनं विचारलं होतं. आमची कंपनी हातमागाच्या साड्यांचा माग ठेवते: साडी विणकराकडून व्यापाऱ्याकडे गेली, व्यापाऱ्याकडून दुकानात, दुकानातून गिऱ्हाईकाकडे, आणि प्रत्येक हातबदल एका साखळीवर उमटतो. त्या साखळीला ब्लॉकचेन म्हणतात, आणि तिची वही एकाच्या घरी नसून हजार ठिकाणी असते, म्हणून तिच्यात कोणाला खाडाखोड करता येत नाही. काही उमटलं की साखळी हाक देते. त्या हाकेला इव्हेंट म्हणायचं. आणि हाक आली की काय करायचं, एवढंच सांगणारा जो छोटा तुकडा, तो हँडलर. बाकीची सगळी अवजारं एका तयार पेटीत मिळतात, तिला आम्ही एसडीके म्हणतो. मी पेटी उघडतो आणि हँडलर लिहितो. आई म्हणाली, “म्हंजे तू काय करते?” मी म्हणालो, “काही घडलं की मग करतो.” “आनि नाही घडलं त?” “तर काही नाही करत.” तिनं भाकरी उलटवली आणि म्हणाली, “याचा पगार देतेत बाप्पा!” मी तिला समजावलं होतं, की बुवा कीर्तनात चरण म्हणून थांबतात आणि मागचे टाळकरी तो उचलतात, तसं आहे हे. टाळकरी आपल्या मनानं सुरू करत नाही. पण बुवा थांबले आणि टाळकऱ्यानं उचललं नाही, तर कीर्तन जागेवर बसतं. आई म्हणाली, “मंग तू टाळकरीच झाला. तुया आजा पन टाळकरीच होता. याच्यासाठी इंजिनेरी काहून केली?”

तर ऑफिसात साड्यांसाठी जे लिहायचो, तेच मी यंदा घरच्या वीणेसाठी लिहिलं. वीणेच्या मानेला एक इलेक्ट्रॉनिक टिकली बांधली. घेणाऱ्यानं मोबाईल तिला लावला की साखळीवर ‘वीणा सुपूर्द’ उमटायचं, आणि माझा हँडलर यादीतल्या पुढच्याचं नाव पुढे सरकवून त्याला निरोप धाडायचा. त्याआधी हे काम धोंडबा करायचे. तीस वर्षं. गळ्यात उपरणं, हातात काहीच नाही, पाळी संपायच्या अर्धा तास आधी पुढच्याच्या दारात उभे, “चला गा, तुमची येळ झाली.” कोण झोपाळू, कोणाला दोनदा हाक द्यावी लागते, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून कडी न वाजवता खिडकीतून खुणावायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मंडळाच्या बैठकीत मी मोबाईल वर धरून सांगितलं, की आता धोंडबाकाकांना आराम. धोंडबा दाराशी बसलेले. “बरं झालं ना बा,” ते म्हणाले, “माये गुडघे आता ऐकत नाही.” आणि मग मी, कीर्तनात ऐकून ऐकून लागलेली सवय, आवाज चढवून म्हणालो, “एकदा तुमच्या नावावर पाळी लागली, की प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही ती पुसता येणार नाही!” टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला त्या गुरुवारी ठेल्यावर पुन्हा ऐकू आल्या.

कारण मी मोबाईलवर नोंदी उघडल्या होत्या. सकाळी आठला वीणा बाबांनी घेतलेली, ताराचंद, म्हणजे माझे वडील, पाळी आठ ते दहा. ते ठीक. मग साडेनऊपासून अकरा वाजून सात मिनिटांपर्यंत वीणा चव्वेचाळीस वेळा हात बदललेली. चव्वेचाळीस! दोन मिनिटांना एकदा, कधी मिनिटात दोनदा. डोळ्यांसमोर आलं ते असं, की देवळात लोक वीणा चेंडूसारखी फेकून राहिले आहेत आणि मध्ये बाबा उड्या मारत आहेत. चव्वेचाळीस हाका, आणि प्रत्येक हाकेला माझा हँडलर इमानदार टाळकऱ्यासारखा उठून यादी एक नावानं पुढे ढकलत होता. गुरुवार संपला, शुक्रवार, शनिवार संपला, रविवारची मध्यरात्र माझ्या खिशात टिंग करून आदळली. मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. आईला लावून उपयोग नव्हता, ती उमरेडला मावशीकडे. मग वरून हिमानी उतरली, आमची टीम लीड. घरी पिढ्यांचं किराणा दुकान, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत फुटका डबा आधी दिसतो. तिनं पडदा पाहिला आणि म्हणाली, “मी तुला तेव्हाच विचारलं होतं ना रे, एकच इव्हेंट परत परत आला तर काय? तू काय म्हणालास, आठव.” मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, कीर्तनात धृपद जितक्या वेळा येईल तितकं गोड. “हो ना! आता खा गोड,” ती म्हणाली, “आणि इव्हेंटच्या आत लिहिलेलं असतं यार, कोणी घेतली, कधी घेतली. वाचलं तू?” वाचलं नव्हतं. हाक ऐकली की उठायचं, एवढंच मी केलं होतं. हाकेत काय म्हटलंय ते ऐकायला थांबलोच नव्हतो. गाडीला किल्ली लावताना मला भीती वाटली ती वेगळीच: बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले होते. डॉक्टरांनी सलग उभं राहायला एक तास सांगितला होता, बाबांनी भांडून दोन करून घेतले होते. आणि वीणा ते खाली ठेवणार नाहीत. छत कोसळलं तरी नाही ठेवणार. म्हणजे दहाच्या पाळीवाला आला नसेल तर एक तर माझा बाप मोडणार, नाही तर एक्केचाळीस वर्षं मोडणार.

दहाची पाळी अमोलची. अमोल लकडगंजात लाकडाच्या टालावर असतो, म्हणून मी वाट वाकडी करून तिकडे गाडी घातली. उन्हात सागाचा वास असा उभा होता की हात लावावा. करवत किंचाळत होती आणि अमोल ट्रकच्या मागे उभा राहून ओंडके मोजत होता, अंगभर भुसा, भुवयाही पिवळ्या. मी ओरडलो, “अमोल, तुझी पाळी!” त्यानं अंगठा वर केला. “झाली ना भाऊ! मेसेज आला. साडेनवालेच आला.” “अरे मेसेज आला, तू कुठे गेलास?” “आता वीणा माया हाती आली मनून लिवलंय त मी काहून जाऊ? इथं ट्रक खाली होऊन राहिला.” “पण तू उभा राहिलास का?” अमोलनं मोबाईल काढला, भुसा पुसला आणि मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. मग अगदी मायेनं म्हणाला, “तूच बैठकीत सांगितलं गा, एकदा नावावर लागली का ब्रह्मदेव पन पुसत नाही. मले वाटलं, आता टेक्निक बदललं असन. बाराच्या पाळीवाले मधुकरराव त म्हणे, अशीच सोय उपासाची बी करा.” चव्वेचाळीस घरांत त्या वेळी हेच समाधान नांदत असणार. कोणी पंख्याखाली, कोणी दुकानात, आणि प्रत्येकाच्या खात्यावर न पुसता येणारं दोन तासांचं पुण्य. मनात एक वाईट विचार येऊन गेला, तोही सांगतो: की रविवारची माझीही लागलीच आहे. मागल्या दोन वर्षी माझी पाळी बाबांनीच केली होती. एका वर्षी साड्यांचं काम होतं, दुसऱ्या वर्षी काय होतं ते आठवत नाही, म्हणजे काही नव्हतं. “ट्रक खाली झाला की येतो,” अमोल मागून ओरडला. मी निघालो होतो.

सिग्नलवर उभं राहणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. शंभर सेकंद उलटे मोजणारा आकडा, आणि मी पाय टेकून मनात बाबांचे तास सुलटे मोजत होतो. बाबांनी चाळीस वर्षं माग चालवला. लहानपणी मी त्यांच्या पायांशी बसायचो. डॉबीची, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या पेटीची, खुंटी पडली की ठरलेले तेवढेच धागे उचलले जायचे आणि मधून धोटा पळायचा. एकदा मी उगाच एक खुंटी काढून ठेवली. बाबा रागावले नाहीत. त्यांनी हातभर विणलेलं उसवलं, संध्याकाळपर्यंत उसवत बसले, आणि मला एवढंच म्हणाले, “धाग्याले काय समजते गा, खुंटी सांगन तसा तो उठते.” हे वाक्य मी पंधरा वर्षं ऑफिसात वापरू शकलो असतो. आकडा शून्यावर आला. मागच्यानं हॉर्न वाजवला आणि हिंदीत माझ्या झोपेबद्दल चौकशी केली.

देवळात शिरलो तेव्हा बारा वाजले होते. आत गारवा, अगरबत्ती, समोर देव आणि त्याच्यासमोर बाबा, दोघंही उभे. दुसरं चिटपाखरू नव्हतं. बाबांचा डावा पाय वाकलेला, सगळा भार उजव्यावर. धोतराच्या काठाखाली गुडघा भोपळ्यासारखा झालेला. बोटं मात्र तारेवर चालू, आणि ओठ चालू. मला पाहून त्यांनी चरण पुरा केला, मग म्हणाले, “आला? तुयी पाळी त रविवारी हाय ना?” “बाबा, चार तास! कोणाला बोलावलं का नाही?” “मोबाईल पिशवीत, पिशवी खुंटीले, हात वीणेले. कसा बोलावू?” “अहो, हाक मारायची! पलीकडे मांडववाले आहेत.” तार वाजत राहिली. मग देवाकडे बघतच ते म्हणाले, “मांडववाला आला होता विचाराले. म्या म्हटलं, येऊन राहिला पुढचा. पोऱ्याची मशीन हाय, बोलावून राहिली आसन.” आणि मला कळलं. हाक मारली असती तर मशीन चुकली असं झालं असतं. माझं यंत्र चुकू नये म्हणून हा माणूस एका पायावर उभा होता. “आनि गर्दी बी झाली ना सकाळी,” त्यांचा चेहरा एकदम उजळला, “भजनाच्या बाया आल्या दर्शनाले. म्या म्हटलं, लावा, लावा मोबाईल, माया पोऱ्यानं केलं हाय! टिंग वाजते! एकेकीनं लावला. एकीनं त तीनदा लावला, नातवाच्या नावानं, सुनेच्या नावानं. कशा खूश झाल्या गा!”

चव्वेचाळीस हातबदलांचं कोडं असं सुटलं. वीणा जागची हललीच नव्हती. माझ्या बापानं माझं कौतुक चव्वेचाळीस वेळा साखळीवर चढवलं होतं. मी रडलो असतो, पण बाबांचा तोल गेला आणि मी धावलो. सवयीनं आधी मोबाईल टिकलीला लावला, टिंग झालं, त्यांच्या पाया पडलो, आणि ते माझ्या पाया पडायला वाकले तर वाकताच येईना, म्हणून मी माझा पाय वर उचलून त्यांच्या हातापाशी नेला. देवासमोर एका पायावर उभा राहून बापाकडून नमस्कार घेणारा मी, गळ्यात वीणा, शर्टावर तर्री. देवानं डोळे मिटून घेतले असते, पण त्याच्या पापण्या दगडाच्या. बाबा खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, “मागावर बसून जन्म काढला, उभं राहाचं बाकी होतं. झालं आज.”

मी उभा राहिलो. पहिली दहा मिनिटं नाम घेतलं, मग खिशातला मोबाईल थरथरू लागला, हिमानीच असणार, आणि नामाच्या मधून मधून मी मनात हँडलर दुरुस्त करू लागलो: आधी बघ कोणी घेतली, मग बघ त्याचीच पाळी आहे का, मग बघ तास दीड तास तरी त्याच्याकडे राहिली का, राम कृष्ण हरी, मग यादी सरकव. दोन्ही हात वीणेत. फोन घेता येईना, की खाजवता येईना, आणि नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटली. पुढचा कोणी यायचा नव्हता, कारण यादी माझ्याही पुढे पळाली होती आणि मधल्या सगळ्यांना आपली पाळी झाली असंच वाटत होतं. बाबांना हाक मारायला जा म्हणावं तर त्यांना उठता येत नव्हतं. सव्वा तासात माझी पोटरी दगड झाली. बाबांच्या चार तासांतल्या पहिल्या सव्वात त्यांना काय वाटलं असेल, ते विचारायचं धाडस झालं नाही.

सव्वा वाजता दारात धोंडबा उभे. चप्पल काढली, पाय धुतले, आत आले, मला पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि फक्त म्हणाले, “कोनाले बोलवू?” मी विचारलं, “काका, तुम्हाला कोणी सांगितलं?” “कोनीच नाही सांगितलं, मनूनच त आलो. पाळीवाला माया दारावरून जाते ना गा. उशीर झाला मनून पळतच जाते, एकाची टोपी त दरवर्षी पडते. आज दहाले कोनी नाही पळालं. म्हटलं जाऊ दे. बाराले बी कोनी नाही पळालं. मंग म्हटलं, काहीतरी बिघडलं.” घडलेल्याची हाक ऐकणारे हँडलर मी शेकड्यांनी लिहिले आहेत. जे घडलं नाही त्याची हाक ऐकणारा मला अजून जमलेला नाही. “पहिले याले घरी ने,” बाबांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “तेल लाव. तवर आन इकडे ती.” आणि हात पुढे केले, आणि पुढे केलेले हात तसेच थांबले. “कशी घेतेत गा? पट्टा कोनत्या खांद्याले?” बाबा खांबापासून सरळ झाले. “धोंड्या, तू कधीच नाही घेतली का?” “कधी घेऊ? घेनाऱ्यानं घेतली का म्या दुसऱ्याले बोलवाले पळो.” तीस वर्षांत आमच्यातल्या कोणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. मी पट्टा त्यांच्या खांद्यावर घातला. “तुमचं ते टिंग?” ते म्हणाले. “तुमच्याकडे मोबाईल कुठेय काका.” “मंग राहू दे. तार कोनती वाजवू, ते सांग.”

बाबांना मागे बसवून घरी नेलं, तेल लावलं, त्यांना झोप लागली तसा परत आलो. अमोल आला होता, भुशासकट. त्याच्या मागून आणखी सात-आठ जण आले. हिमानीनं यादी काढून एकेकाला फोन करून, ‘तुमच्या हाती काही आलेलं नाही’ असं सुनावलं होतं म्हणे. सगळे हात धुऊन भिंतीशी रांगेनं उभे, आणि कोणाचीही वीणा मागायची छाती होईना. धोंडबांचे डोळे मिटलेले. सूर कुठे लागत नव्हता, तार भलतीच वाजत होती. त्या माणसाच्या तोंडाकडे बघून अमोलनं टाळ उचलले, मग आणखी एकानं उचलले, आणि संध्याकाळी सहाला कीर्तनाचे बुवा आले तेव्हा ते सुद्धा दारात थांबले, पागोटं हातात धरून.

शनिवारी मी हँडलर नीट केला आणि साखळीवरचे सगळे इव्हेंट पहिल्यापासून पुन्हा त्याच्यातून सोडले. मंडळाच्या नोंदीतून चव्वेचाळीस खोट्या पाळ्या गळून पडल्या. अमोलची गेली, मधुकररावांचीही गेली. वहीत आता स्वच्छ दिसतं: गुरुवारी सकाळी आठ ते बारा ताराचंद. बारा ते सहा प्रज्वल, म्हणजे मी. बारा ते सहा! मी हिमानीला म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, “मशीन बरोबर सांगते यार. बाराला तू लावलास, सहाला अमोलनं लावला. मधल्या माणसाचा इव्हेंटच नाही.” हजार ठिकाणी लिहिलेलं, माझ्या नावावर, आणि माझ्या हातून ते पुसलं जात नाही. धोंडबांना जाऊन सांगितलं तर खो खो हसले. पाय गरम पाण्यात होते. “तुया नावावर गेलं त जाऊ दे गा,” ते म्हणाले, “दुखून त मायेच राहिले ना.”

ते हसले, पण माझ्यानं हसवेना. म्हणून तुम्हाला इतकं जवळ बोलावलं. यंत्राला जे सांगता आलं नाही ते तुमच्या कानात सांगून ठेवतो: गुरुवार, दुपारी सव्वा ते सहा, नंदनवनच्या देवळात वीणा धोंडबांकडे होती. कुठल्याही गावात, कुठल्याही कीर्तनात बसाल, तेव्हा एकदा त्यांचं नाव मनात घ्या. पाया पडायची गरज नाही. गुडघे दुखतात त्यांचे, परत वाकायला लावू नका.